पूर्वेची भिंत आणि मधुमालतीची परी

डोंगराच्या कुशीत, जिथं ढगसुद्धा दुपारची डुलकी काढायला उतरायचे, तिथं चांदवेल नावाचं एक इवलंसं गाव होतं. त्या गावात शलोमी नावाची आठ वर्षांची मुलगी आपल्या आईबरोबर राहायची. त्यांचं घर म्हणजे चार कुडाच्या भिंती आणि वर गवताचं छप्पर. वारा आला की छप्पर कुरकुरायचं. पाऊस आला की आई घरातली सगळी भांडी गळतीखाली मांडायची, आणि मग घरभर टिपटिप, टपटप, टुपटुप असं गाणं सुरू व्हायचं.

शलोमीची आई मार्था लोकांच्या शेतात खुरपायला जायची. संध्याकाळी दोघी मिळून एक भाकरी खायच्या. भाकरी मोडताना आईचा हात नेहमी चुकायचा आणि मोठा तुकडा शलोमीच्या ताटात पडायचा. शलोमीला ते कळायचं. आईची नजर चुकवून ती त्यातला घास हळूच परत आईच्या ताटात सरकवायची.

शलोमीचे बाबा देवाघरी गेले होते. तिच्या बाप्तिस्म्याच्या दिवशी त्यांनी गावातल्या चर्चच्या पूर्वेच्या भिंतीशी मधुमालतीचं रोपटं लावलं होतं. आता त्याची केवढी मोठी वेल झाली होती! तिनं सगळी भिंत पांघरून घेतली होती. तिचं फूल संध्याकाळी उमलताना दुधासारखं पांढरं असायचं, दुसऱ्या दिवशी लाजल्यासारखं गुलाबी व्हायचं आणि तिसऱ्या दिवशी कुंकवासारखं लालचुटूक. पांढऱ्या, गुलाबी, लाल झुबक्यांनी भिंत कशी नटून बसायची! शलोमी रोज सकाळी विहिरीवरून कळशी भरून आणायची आणि वेलीला पाणी घालायची. "बाबा, प्या हं पोटभर," असं ती हळूच म्हणायची.

एके सकाळी पाणी घालताना तिला अगदी बारीक आवाज ऐकू आला. चांदीची घुंगरं किणकिणावीत तसा.

"अगं, इकडे! जरा वर बघ ना!"

दोन फांद्यांच्या मधे एक कोळ्याचं जाळं होतं, आणि त्या जाळ्यात अडकली होती अंगठ्याएवढी परी! तिचे पंख दवाच्या थेंबासारखे लुकलुकत होते. तिचा झगा मधुमालतीच्या फुलाचाच होता. सकाळच्या त्या वेळी तो नुकता गुलाबी होऊ लागला होता.

शलोमीनं गवताची एक काडी घेतली आणि एकेक धागा अलगद बाजूला केला. तिनं परीला तर सोडवलंच, पण जाळंही मोडू दिलं नाही.

"जाळं का नाही तोडलंस?" परीनं विचारलं.

"कोळ्याचं घर आहे ना ते," शलोमी म्हणाली. "गळणाऱ्या घरात कसं वाटतं ते मला ठाऊक आहे. मोडक्या घरात तर त्याला आणखी वाईट वाटेल."

परी खुदकन हसली. "मी या वेलीत राहते, शलोमी. तू घातलेलं पाणी मीही रोज पिते. मी तुला तीन इच्छा देते. पण त्यांचे नियम नीट ऐक. इच्छा म्हणजे गाठ असते. ती मी बांधते, पण एकदा बांधली की मला सोडता येत नाही. जिनं मागितली तिनंच ती सोडायची. तीही ओढून सुटत नाही. जे घट्ट धरून ठेवलंय त्याचे सगळ्यांसमोर मनापासून आभार मानायचे आणि हात मोकळा करायचा. मगच ती सुटते."

शलोमीनं मान डोलावली. पण तिला वाटलं, मिळालेली इच्छा कशाला कोण सोडेल?

त्याच आठवड्यात चांदवेलला पाहुणे आले. नदीपलीकडचं सोनेवाडी गाव पुरात वाहून गेलं होतं. तिथली माणसं बोचकी घेऊन, शेळ्या घेऊन, कडेवर मुलं घेऊन आली आणि चर्चच्या मागच्या माळावर फाटक्या ताडपत्र्या टाकून राहिली. रविवारी ती सगळी उपासनेला आली. पण चर्च होतं चिमुकलं. चांदवेलची माणसं बसली की मुंगीलाही जागा उरायची नाही.

तेव्हा पाळकसाहेब मंडळीसमोर उभे राहिले. त्यांचे केस कापसासारखे पांढरे होते आणि आवाज उबदार होता. "पंचांनी ठरवलंय," ते म्हणाले, "पूर्वेची भिंत काढायची आणि चर्च मोठं करायचं. शनिवारी सगळ्यांनी हातभार लावायला या."

पूर्वेची भिंत! शलोमी धावत वेलीपाशी गेली.

"परीताई! माझी पहिली इच्छा! ही भिंत आहे तशीच राहू दे! काही म्हणजे काही बदलू देऊ नकोस!"

परीचा चेहरा क्षणभर गंभीर झाला. "काहीच नको बदलू देऊ?"

"काहीच नको!"

परीनं बोट फिरवलं. चमचमता एक धागा भिंतीभोवती फिरला आणि त्याची निरगाठ बसली.

शनिवारी गवंडीदादांनी भिंतीवर घण घातला. टण्ण! घण चेंडूसारखा उसळून मागे आला. पहारी वाकल्या, छिन्न्या बोथट झाल्या, पण भिंतीचा कणभर चुना पडला नाही. पाळकसाहेब डोकं खाजवत राहिले. शलोमी मनातल्या मनात टाळ्या वाजवत होती.

रविवार आला. चांदवेलची माणसं आत बसली आणि सोनेवाडीची बाहेर, रणरणत्या उन्हात. शलोमी खिडकीशी बसली होती. बाहेर तिच्याच वयाची एक मुलगी होती. धाकट्या भावाला आतलं दिसावं म्हणून तिनं त्याला उचलून धरलं होतं. जमीन तापली होती, म्हणून ती कधी या पायावर, कधी त्या पायावर उभी राहत होती. आणि तशीच उड्या मारत मारत गात होती!

उपासना संपल्यावर शलोमी तिच्याजवळ गेली. "तुझं नाव काय गं?"

"दीना."

"पाय भाजले का?"

"थोडेसेच," दीना हसली. "खिडकीतूनही छान ऐकू येतं. आमचं चर्च नदीनं नेलं ना. मी रडत होते तर आजोबा म्हणाले, रडू नकोस, चांदवेलची माणसं आपल्याला जागा देतील." मग ती पटकन म्हणाली, "पण भिंतच तुटत नाही, त्याला तुम्ही तरी काय करणार!"

शलोमीला तिच्या डोळ्यांत बघवेना. ती मान खाली घालून वेलीकडे वळली, आणि वर बघते तो काय! वेलीवर सगळी फुलं पांढरीच होती. एकही गुलाबी नाही, एकही लाल नाही. एकही नवी कळी नाही. वास नाही, मधमाशी नाही, पान हलत नाही. आणि एका फुलात परी निपचित पडली होती. तिचा झगा पांढराफटक पडला होता आणि पंख काचेसारखे ताठ झाले होते.

"परीताई! तुला काय झालं?"

"तू म्हणालीस ना, काही बदलू देऊ नकोस," परी कुजबुजली. "म्हणून प्रत्येक फूल उमलतानाच्या पांढऱ्या रंगावरच थांबलंय. माझी गुलाबी व्हायची वेळच येत नाही गं. उडताही येत नाही."

शलोमीच्या डोळ्यांतून टपटप पाणी गळलं. "मला फक्त बाबांची वेल हवी होती," ती म्हणाली. मग तिनं डोळे पुसले. गाठ कशी सोडायची ते तिला आठवत होतं. पण सगळ्यांसमोर बोलायचं? शलोमी तर वर्गात हजेरी देतानाही पुटपुटायची!

तरी ती चर्चच्या पायरीवर चढली. घरी निघालेली माणसं थांबली.

"पाळकसाहेब," ती म्हणाली, "भिंत माझ्यामुळं तुटत नाही. मी परीकडे तसं मागितलं. तिथं माझ्या बाबांची वेल आहे. मला वाटलं, भिंत गेली की बाबा पुन्हा जातील. पण दीनाचे पाय भाजले. मला माफ करा."

कुणी रागावलं नाही. पाळकसाहेब खाली वाकून म्हणाले, "बोल बाळ. मनात असेल ते सगळं बोल."

शलोमी भिंतीपाशी गेली आणि तिनं दगडावर गाल टेकला.

"भिंती, तुझे आभार. तू माझ्या बाबांची वेल पाठीवर घेतलीस. ऊन अंगावर घेतलंस, वारा अडवलास. मी चालायला शिकले ते तुला धरून, असं आई सांगते. तू खूप दमली असशील. आता तू जा. आम्हाला आणखी माणसं आत घ्यायची आहेत."

तिच्या खांद्यावर एक खरखरीत, ओळखीचा हात आला. आई! आई भिंतीला म्हणाली, "माझ्या लग्नाच्या दिवशी मी हिलाच टेकून उभी होते. उपकार आहेत हिचे." मग एक म्हातारे बाबा पुढं आले. "साठ वर्षं मी हिला पाठ लावून बसलो. आभार, बाई!" मग दुसरं कुणी, तिसरं कुणी. दीनानंही आपला चिमुकला तळवा दगडावर ठेवला. "तुझ्या सावलीत माझा भाऊ झोपला होता. आभार हं," ती म्हणाली.

टुक्! गाठ सुटली. वेलीवरून गुलाबी लाट सळसळत गेली, मागोमाग लाल! वास दरवळला, मधमाश्या गुंजारव करत आल्या, आणि परीनं पंख झटकून हवेत गिरकी घेतली.

पाळकसाहेबांनी पहिला दगड काढायचा मान शलोमीच्या आईला दिला. त्याआधी सगळ्यांनी मिळून वेलीच्या फांद्या जपून कापल्या. प्रत्येक घरानं एकेक फांदी नेऊन आपल्या दाराशी लावली, आणि पंधरा दिवसांत साऱ्या चांदवेलमध्ये कोवळे पोपटी कोंब डोकावू लागले. शलोमी एका घरून दुसऱ्या घरी पळत होती. घरोघरी बाबा झाले होते तिचे!

"तुझ्या दोन इच्छा बाकी आहेत," परी म्हणाली.

"सोनेवाडीच्या माणसांना इथं परकं वाटू नये," शलोमी लगेच म्हणाली.

परीनं मान हलवली. "तेवढं माझ्या हातात नाही. ते तुमच्याच हातात आहे."

शलोमीनं थोडा विचार केला. "मग त्यांच्या डोक्यावर छप्पर येऊ दे. आणि ते अजिबात गळायला नको!"

परीनं माळावर मूठभर लाल पाकळ्या उधळल्या. त्या ताडपत्र्यांवर पडल्या आणि बघता बघता लाल कौलं झाल्या! माळावर ठेंगणी ठुसकी घरं उभी राहिली, प्रत्येकाला निळं दार आणि पिवळी खिडकी.

"आता तिसरी. ही तरी स्वतःसाठी माग."

"ही दीनाला दे," शलोमी म्हणाली. "तिचं खूप काही वाहून गेलंय."

परी दीनाच्या खांद्यावर जाऊन बसली. दीना तिच्या कानात काहीतरी बोलली, आणि मग तोंडावर हात ठेवून हसू लागली. काय मागितलं ते तिनं कितीही विचारलं तरी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी शलोमी शाळेतून आली तर तिच्या अंगणात ही गर्दी! पंच होते, गवंडीदादा होते, चांदवेलची आणि सोनेवाडीची माणसं घमेली घेऊन एका रांगेत उभी होती. पूर्वेच्या भिंतीचे दगड हातोहात येत होते. गवंडीदादा म्हणाले, "काय झालं कोण जाणे, आज सकाळी आम्हा सगळ्यांना एकच गोष्ट सुचली. हे चांगले दगड पडून कशाला ठेवायचे? मार्थाबाईंचं घर बांधू या!" परी त्यांच्या घणावर बसून डोळे मिचकावत होती. आठ दिवसांत दोन खोल्यांचं भक्कम घर उभं राहिलं. आई प्रत्येक दगडावरून हात फिरवत होती, हसत होती आणि पदरानं डोळे टिपत होती.

मग आता मोठ्या झालेल्या चर्चमध्ये हंगामाचा सण आला. लोकांनी ज्वारीची कणसं आणली, भोपळे आणले, वांगी आणली. सोनेवाडीच्या मंडळींनी डफ आणला. चांदवेलच्या पेटीला आधी डफाचा ताल सापडेना, डफ थांबेना, आणि सगळे हसू लागले. तिसऱ्या कडव्याला मात्र पेटी आणि डफ असे जुळले की कौलांवरची पाखरं गप्प बसून ऐकू लागली. उपकारस्तुतीचं ते गीत कोण म्हणत होतं? दीना आणि शलोमी! पुटपुटणारी शलोमी आज मान ताठ करून खड्या आवाजात गात होती, आणि तिच्यामागून दोन्ही गावं गात होती.

तालुक्याहून एक वयस्कर पाळकबाई पाहुण्या म्हणून आल्या होत्या. गाणं संपल्यावर त्यांनी शलोमीकडे बोट दाखवून विचारलं, "वा! ही मुलगी कुणाची?"

आई अभिमानानं उठली. पण तिनं तोंड उघडायच्या आत चांदवेलची माणसं ओरडली, सोनेवाडीची माणसं ओरडली, अगदी दीनाचा धाकटा भाऊसुद्धा बाकावर उभा राहून ओरडला,

"आमची!"

शलोमीनं वर पाहिलं. उंच नव्या खिडकीत परी उभी होती. तिचा झगा एकाच वेळी पांढरा, गुलाबी आणि लाल झळकत होता. तिनं शलोमीला वाकून नमस्कार केला. परीनं, एका छोट्या मुलीला! मग खिडकीतून सोनेरी उजेडाचा लोट आत आला. तो सगळ्यांच्या चेहऱ्यांवरून, कणसांवरून, डफावरून हलकेच फिरला, आणि परी त्या उजेडात उजेड होऊन गेली.

"आभार, परीताई!" शलोमी म्हणाली, आणि तिनं दीनाचा हात धरून पुढच्या गाण्याला सूर लावला.