बांगडीएवढा तारकागुच्छ

डोळ्यांना दिसलेलं मनाला पटलं नाही, तर तुम्ही दोघांपैकी कुणाचं ऐकता?

एका टेकडीवरच्या वेधशाळेत एक वृद्ध विदुषी मुलामुलींना आकाश पाहायला शिकवीत असत. सगळे त्यांना बाई म्हणत. ज्याचं चित्र आकाशाशी जुळेल, त्याच्याच हाती दुर्बिणीच्या खोलीची किल्ली सोपवायची, असा त्यांचा रिवाज होता. एक शिष्या वर्षभर त्या किल्लीची आस धरून होती.

बाईंनी तिला एक गोलाकार तारकागुच्छ काढायला सांगितला. लाखो ताऱ्यांचा तो पुंजका दुर्बिणीतून तिला किंचित चपटा दिसला. ‘नाव गोलाकार, मग चपटा कसा असेल? माझंच चुकलं,’ असं म्हणून तिने रेघ खोडली, हातातली बांगडी कागदावर ठेवली आणि कडेने सुरेख वर्तुळ काढलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाईंनी ते चित्र निरखलं.

“छान! बांगडी काचेची की पितळेची?”

शिष्येचा चेहरा उतरला. किल्ली गेली, हे तिला कळून चुकलं. बाईंनी मात्र पदर खोचला.

“चल, फुगडी घालू.”

“या वयात, बाई?”

“का? तुलाच दम लागेल अशी भीती वाटते?”

अंगणात दोघी हात गुंफून गरगर फिरल्या. शिष्येचा परकर चहूकडे फुलला आणि फिरणं थांबताच पुन्हा पायांशी आला.

धापा टाकीत बाई म्हणाल्या, “परकर कुणी ओढला का गं? आपण फिरलो, म्हणून त्याचा घेर वाढला. त्या गुच्छातला प्रत्येक तारा आपापल्या वाटेने जातो खरा, पण एका दिशेने फिरणारे थोडे अधिक आहेत. म्हणून सगळा गुच्छच सावकाश फिरतो नि कमरेत रुंदावतो. कित्येक गुच्छांचं फिरणं वय होईल तसं मंदावतं आणि ते गोल होतात, माझ्यासारखे! तू जे खोडलंस ना, ती त्याची फुगडी होती. नाव आपण ठेवलं, पोरी. त्याने त्या नावासारखं का दिसावं?”

शिष्या खुदकन हसली. त्या रात्री तिने पुन्हा दुर्बिणीला डोळा लावला आणि दिसलं तेवढंच काढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी अंथरुणातूनच किल्ली तिच्या हाती दिली, कारण फुगडीने त्यांची कंबर धरली होती.