निंबा पाटकऱ्याचं मंजूर

धरण नवं होतं तेव्हाची ही गोष्ट. ते बांधणाऱ्यांची नातवंडंसुद्धा आता काठी टेकत चालतात.

बावीस गावांच्या शेतकऱ्यांनी मिळून पाण्याची संस्था काढली. नियम एकच. पाटाच्या टोकाला जो आहे त्याला पहिलं पाणी, धरणाजवळच्याला शेवटी. वरच्याला पाणी निदान डोळ्यांना दिसतं, खालच्याला तेही नाही, म्हणून.

पाटाची दारं उघडायला-लावायला निंबा पाटकरी होता. भरावाला कान लावून तो पाणी कुठवर पोचलं ते सांगायचा, असं म्हणतात. आवाज तर असा, की एका दारावर हाक दिली की तिसऱ्या गावातली माणसं फावडी घेऊन उठायची.

संस्था वाढली. कचेरीची कौलं जाऊन स्लॅब आला, चेअरमनच्या खुर्चीला गादी आली. वर्षाच्या सभेला मांडव पडायचा नि मांडवामागं बुंदीची कढई चढायची. सेक्रेटरी ठराव भरभर वाचायचा, निंबा म्हणायचा, "मंजूर", आणि त्या आवाजामागं सगळा मांडव "मंजूर, मंजूर" म्हणून मोकळा व्हायचा. तुपाचा वास सुटला की शहाण्यांचेही कान मिटतात.

एका साली नववा ठराव आला. कुठल्या दाराची फळी कुजली, ते निंबा तेव्हा मनात आठवत होता. वाचणं थांबलं तसा सवयीनं म्हणाला, "मंजूर." मांडव म्हणाला, "मंजूर."

ठराव होता, यंदापासून पाणी वरून सुरू. वर कुणाचा ऊस होता? चेअरमनचा नि त्याच्या सोयऱ्यांचा.

माघात पाणी सुटलं. ते उसानं पिऊन घेतलं, मधल्यांची नुसती ढेकळं भिजली, आणि टोकाच्या हिवरवाडीला पाट कोरडाच राहिला. निंबाची धाकटी बहीण साळू हिवरवाडीलाच दिलेली. तिचा गहू ओंबीवर आलेला. ती उन्हातून चालत भावाकडे आली नि उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.

"दादा, पहिला आवाज तुझा होता?"

"होता."

"ठराव ऐकला होतास?"

निंबानं मान खाली घातली. "नाही, साळू."

"ऐकून म्हणाला असतास, तर भांडले असते तुझ्याशी. आता काय भांडू?"

वहिनीनं तांब्या पुढं केला. साळू पाणी न घेता फिरली.

निंबा चेअरमनकडे गेला, माझं मंजूर परत द्या म्हणाला. चेअरमन हसला. "निंबातात्या, परत घ्यायचं तर पुढच्या सालची सभा. तेव्हाही बुंदी आहेच."

गहू सालभर थांबणार नव्हता. निंबा भरावावर चढला नि चालत सुटला. दर दाराशी थांबून एकच शब्द ओरडायचा, "नामंजूर." शिवी नाही, शाप नाही. तेवढ्यानं उसाकडची लोखंडी दारं आपोआप खाली बसली, असं म्हणतात. कुणी म्हणतं, शेतकऱ्यांनीच लाजून ती पाडली. काही असो, पाणी गाईमागं वासरू यावं तसं निंबाच्या मागं आलं. पण दर दाराशी त्याचा आवाज थोडाथोडा त्या पाण्यात उतरत गेला.

हिवरवाडीला पोचला तेव्हा गहू उभ्या उभ्या वाळलेला. घरांच्या दारांना बोरीच्या काटेरी फांद्या लावलेल्या. खिंडीकडे गाड्यांची धूळ अजून दिसत होती. वाडी नुकतीच उठून चालली होती. एक हाक, त्याची पहिल्यासारखी एकच हाक, आणि साळूनं बैल थांबवले असते. निंबानं तोंड उघडलं. आवाज शिल्लक नव्हता.

धूळ खिंडीपलीकडे उतरली. निंबा भरल्या पाटात पाय सोडून बसला. पुढं त्याला बोलताना कुणी ऐकलं नाही, नि तिथून उठताना कुणी पाहिलं नाही.

चेअरमन किती आले नि गेले. पण त्या संस्थेत आजही मंजूर हा शब्द कुणी काढत नाही. ठराव वाचला की सगळा मांडव गप्प बसतो. त्याला निंबाची गप्प म्हणतात. मग टोकाकडचा एक माणूस उठून, काय ऐकलं ते आपल्या शब्दांत सांगतो, तेव्हा कुठं हात वर होतात.

आणि माघातलं पहिलं पाणी हिवरवाडीलाच सोडतात. तिथं आता नुसते चौथरे आहेत, पेरणारं कुणी नाही. पाणी पोचलं की जो कुणी पाटकरी असेल तो खिंडीकडे तोंड करून तीनदा हाक देतो, "साळूबाई, पाणी आलं."

मग जरा वेळ थांबतो.