दोन पांढरे बोल्ट

सकाळचे सात वाजून वीस मिनिटं झाली होती. तेव्हा हे सुरू झालं.

“वस्ताद, आता कुठं पत्री मारू?”

टेम्पोतून उतरता उतरताच त्यानं विचारलं. रामराम नाही, काही नाही.

वस्ताद म्हणजे माझे सासरे. घरात मी त्यांना मामंजी म्हणते, पण माळावर त्यांना सगळे वस्तादच म्हणतात, म्हणून इथं तसंच लिहिते. शाळेत हस्तव्यवसायाचे मास्तर होते. आता माळावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये विमानं बांधतात आणि उडवायला शिकवतात. रिमोटवरची विमानं, पण खेळण्यातली म्हणावीत अशी नाहीत. पंख बाजेवर ठेवला तर दोन्हीकडून बाहेर येतो. पेट्रोलवर चालतात. पुढचा पंखा सुरू झाला की मी रेणूला उचलून शेडच्या मागं जाते.

रेणू माझी लेक. तेव्हा नुकतीच चालायला लागली होती. माळावर दगडच दगड, म्हणून माझ्या ओढणीचं एक टोक तिच्या कमरेला आणि दुसरं माझ्या मनगटाला बांधलेलं असायचं.

आलेला माणूस भुजंग पांचाळ. तालुक्याच्या गावी त्याचं गेटं आणि ग्रिल बनवायचं वर्कशॉप, म्हणून तोंडात सारखी पत्री, म्हणजे लोखंडाची पट्टी. त्याचा धाकटा भाऊ दिगंबर वस्तादांकडं शिकायला यायचा. हसरा पोरगा. दिवाळीनंतर तापाचं निमित्त झालं आणि गेला.

भुजंगनं टेम्पोतून विमान उतरवलं. आधी पंख, मग अर्धं अंग, मग उरलेलं अर्धं अंग.

मी तोंडावर हात ठेवला. ते विमान दिगंबरनं इथंच, याच शेडमध्ये बांधलं होतं.

“चहा घेतोस?” वस्ताद म्हणाले.

“आधी विमान बघा.”

“विमान कुठं पळतंय? मोडलंय ते.”

भुजंग हसला नाही. खाली बसला आणि त्यानं मोडलेला भाग उलटा करून दाखवला. आत दोन लाकडं जिथं चिकटवली होती, तिथं वाळलेल्या सरसाच्या थेंबात अंगठ्याचा ठसा होता. रेषा न् रेषा दिसत होती.

“हा दिगूचा,” भुजंग म्हणाला. “पंखावरचा एक गेला. फळीवरचा एक गेला. एवढा एकच राहिलाय. पुढच्या वेळी पडलं तर हाही जाईल.”

वस्तादांनी चष्मा लावला. ठशाला हात लावला नाही, नुसतं वाकून बघितलं.

“मग उडवतोस कशाला? घरात टांगून ठेव.”

“त्याला शब्द दिलाय. शेवटच्या दिवशी म्हणाला, दादा, ते उडालं पाहिजे…”

चहा उकळून वर आला, तो मी उतरवला.

“आई कशी आहे?” वस्तादांनी विचारलं.

“मजबूत आहे. मी सांगूनच ठेवलंय घरात. कुणी रडायचं नाही.”

“आणि ऐकतात?”

“माझं घरात सगळे ऐकतात.”

वस्तादांनी मान हलवली. मग म्हणाले, “पहिल्यांदा काय मोडलं?”

“गावाबाहेरच्या मैदानात उतरवत होतो. वारा आला, पंखाचं टोक जमिनीला लागलं. पंख मधोमध चिरला. मी आत लोखंडी पत्री घातली. मग नाही चिरला तो.”

“मग?”

“मग पुन्हा तसंच झालं. या वेळी पंख शाबूत. पण पोटातली फळी, जिच्यात पंखाचे बोल्ट बसतात, ती उखडून आली. मी ॲल्युमिनियमची जाड प्लेट टाकली.”

“आणि आता?”

“आता पाठ.” त्यानं दोन्ही अर्धी अंगं जवळ सरकवली. “वस्ताद, माझ्या हातचं मोडत नाही. मी केलेल्या गेटाला गेल्या साली ट्रकनं धडक दिली. गेट जागचं हललं नाही. ट्रकचं नाक आत गेलं.”

“आणि ट्रकमधल्या माणसाचं?”



“ते… मी विचारलं नाही.”

वस्तादांनी चष्मा काढून पुसला.

“पंख. मग फळी. मग पाठ. मोड कुठं चाललाय, बघितलंस का?”

“कुठं?”

“आत.”

मी रेणूला जवळ ओढलं.

भुजंगला मात्र राग आला असावा. उठून उभा राहिला. “म्हणून तर विचारतोय, आता कुठं पत्री मारू? तुम्ही सांगा, मी मारतो. तुमचं ते म्हातारं विमान एवढी वर्षं उडतंय. ते काय कधी पडलंच नाही?”

“पडलं की.”

“किती वेळा?”

“सूनबाई, किती वेळा गं?”

“मी लग्न होऊन आल्यापासूनचं विचारताय का मामंजी?” मी म्हटलं. “मला नाही सांगता येणार. मी डोळे मिटून घेते.”

वस्ताद खुशीत हसले. मग आत जाऊन त्यांनी आपलं विमान बाहेर काढलं. त्याला आम्ही घरात म्हातारीच म्हणतो. ठिगळं लावलेली गोधडी असावी, तसं त्याचं अंग. भुजंगनं पंख्याला हात देऊन इंजिन सुरू केलं. या वेळी शेडच्या मागं न जाता मी चार पावलंच मागं सरकले.

म्हातारी माळावरून धावत सुटली. आवाज आधी जमिनीतून येत होता, तळव्यांना लागत होता. मग एकदम जमीन शांत झाली. आवाज तेवढा वर गेला.

एवढं बघितलंय मी ते, तरी दर वेळी असंच होतं. मान आपोआप वर जाते. उन्हात पंख लखलखला. ठिगळं दिसेनाशी झाली. एवढं जुनं, एवढं चिकटवलेलं लाकूड, आणि त्याला आभाळानं असं उचलून घ्यावं… माझे हात कधी जोडले गेले, मला कळलं नाही.

हात जोडताना मनगटावरची गाठ सुटली, हेही कळलं नाही.

वस्तादांनी एक मोठा फेरा घेतला आणि म्हातारीला उतरणीला लावलं. हवा अगदी पडलेली होती. विमान सरळ येत होतं. गवताच्या पट्ट्यावर टेकणार, तेवढ्यात वस्तादांचा अंगठा रिमोटवर जरासा कलला.

डावा पंख जमिनीला लागला.

“वस्ताद!” भुजंग ओरडला.

विमान गर्रकन फिरलं. मोठा आवाज झाला, आणि पंख अंगापासून निखळून एकीकडं उडाला, अंग दुसरीकडं घसरत गेलं. गवताची धूळ वर आली.

“मुद्दाम? वस्ताद, तुम्ही मुद्दाम पाडलं?”

वस्ताद चालत निघाले होते. घाई नाही, काही नाही. भुजंग मात्र धावत जाऊन पंखाजवळ बसला. त्यानं तो उलटापालटा केला. टोकाला गवत चिकटलं होतं, तेवढंच. मग अंग बघितलं. पाठीवरून हात फिरवला, पोटात डोकावला.

“काही झालं नाही…” तो हळूच म्हणाला. वर्कशॉपवाल्या माणसाचा आवाज असा लहान मुलासारखा निघालेला मी पहिल्यांदाच ऐकला.

“झालंय की. नीट बघ,” वस्ताद म्हणाले.

त्यांनी गवतातून काहीतरी उचलून भुजंगच्या तळहातावर ठेवलं. बोल्टाचं पांढरं डोकं. दांडी मधूनच तुटलेली. थोड्या अंतरावर दुसरं सापडलं.

भुजंगनं ते नखानं दाबून बघितलं. “प्लास्टिक?”

“नायलॉन.”

“एवढा मोठा पंख याच्यावर?”

“पुढून लाकडी खुंट्या आहेत. मागून हे दोन. उडताना पंख धरून ठेवतात, तेवढी ताकद आहे त्यांच्यात. धडक बसली की मात्र पहिले हेच तुटतात.”

“मग पक्के का नाही घालत?”

“तूच सांग.”

भुजंग हातातल्या तुकड्याकडं बघत राहिला.

वस्तादांनी पेचकसानं आत अडकलेले बुंधे फिरवून काढले. सुटलेली वायर जोडली. सदऱ्याच्या खिशातून दोन नवे पांढरे बोल्ट काढून पिळले. रिमोट हलवून पंखाच्या पट्ट्या वरखाली होतात का बघितलं. पुन्हा इंजिन, पुन्हा तो तळव्यांतला आवाज, आणि म्हातारी पुन्हा वर. मी उतरवून ठेवलेला चहा अजून गारसुद्धा झाला नव्हता.

भुजंग वर बघत होता. तोंड उघडं. या खेपेला वस्तादांनी ती फुलासारखी उतरवली आणि इंजिन बंद केलं.

“दिगंबरनं कुठले लावले होते?” रिमोट बंद करता करता त्यांनी विचारलं.

भुजंगनं हातातले तुकडे मुठीत घेतले.

“मी त्याला दिले होते,” वस्ताद म्हणाले. “लावले नव्हते का त्यानं?”

“…लावले होते.”

“मग?”

“मी काढले. पहिल्यांदा उडवायच्या आधीच. म्हटलं, पोर कच्चं आहे, प्लास्टिकवर भागवलंय. लोखंडी घातले. चांगले, टणक.” तो थांबला. “त्यानं बरोबर लावले होते, वस्ताद.”

“हं.”

“त्याला माहीत होतं. पडणार हे त्याला माहीत होतं, म्हणून त्यानं… आणि मीच त्याचे एकेक ठसे…”

त्यानं घसा खाकरला. मान ताठ केली. चेहरा पुन्हा गेटासारखा बंद झाला.

मग जरा वेळानं त्यानं विचारलं, “माणसात कुठं असतात हे?”

वस्तादांनी रिमोट खाली ठेवला.

“विमानात पोटाशी असतात, बघितलं. माणसात कुठं बसवलेत?”

वस्ताद शेडच्या कोपऱ्याकडं बघत होते. मीही तिकडं बघितलं. रेणू एकटीच चालली होती. ओढणी मागं मातीत ओढली जात होती. हात दोन्हीकडं पसरलेले, म्हातारीच्या दिशेनं.

“रेणू!”

माझ्या ओरडण्यानंच ती दचकली. ओढणीत पाय अडकला आणि ती तोंडावर पडली. दगडांत.

मी धावले. वस्तादांनी हात आडवा केला.

“थांब.”

“मामंजी, लागलंय तिला!”

“थांब, सूनबाई. फुटू दे.”

रेणूनं मान वर केली. ओठ थरथरले. तोंड उघडं, पण आवाज नाही. श्वास आत घेतलेला, चेहरा लाल… मला त्याचं सगळ्यात जास्त भ्या वाटतं, तो आवाज न येण्याचा वेळ. माळावर पाखरूसुद्धा बोलेना.

मग रडू फुटलं. केवढं मोठं! छोट्याशा अंगातून एवढा आवाज कसा येतो, देव जाणे. डोळ्यांतून, नाकातून पाणी. रडली, रडली. मग उचकी लागली. मग रडता रडताच तिला म्हातारी दिसली. हात टेकून उठली. गुडघ्याला माती, बाकी काही नाही. नाक ओढत पुन्हा चालायला लागली.

तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

मी तिथंच उभी राहिले. ओढणी उचलायचं सुचलं नाही.

वस्ताद भुजंगकडं वळले.

“दिगंबर गेल्यापासून… तू कधी?”

“मी थोरला आहे, वस्ताद.”

“हं.”

“मी जर घरात… तर आईचं काय होईल? कुणीतरी पक्कं नको का?”



भुजंग मोडलेल्या विमानापाशी गेला. गुडघे टेकून बसला. मोडलेल्या जागी, सरसातल्या त्या ठशावर त्यानं आपला अंगठा ठेवला. मोठा अंगठा, वेल्डिंगनं जागोजागी भाजलेला. त्याच्याखाली तो बारीक ठसा झाकून गेला.

खांदा हलला. मग दुसरा.

पुढचं मी बघितलं नाही. रेणूला उचललं आणि शेडच्या मागं गेले. तरी ऐकू येत होतं. असा रडणारा पुरुष मी आयुष्यात ऐकला नव्हता. आधी वाटलं, याच्या आत काहीतरी मोडतंय. पण ऐकता ऐकता असं वाटायला लागलं की आत काहीतरी वाचतंय. मला नीट सांगता येत नाही. रेणू माझ्या मानेत तोंड घालून गप्प ऐकत होती.

खूप वेळानं मी चहा पुन्हा गरम करून नेला. भुजंग तोंड धुऊन बसला होता. डोळे सुजलेले, पण चेहरा मोकळा. वस्तादांनी दोन्ही अर्धी अंगं बाजेवर जवळजवळ मांडली होती. ठसा शाबूत होता.

“माफ करा, वस्ताद,” तो म्हणाला. “तुमच्यासमोर असं…”

“सरस आण आतून. आता जोडू.”

“आणि पत्री?”

“काढ सगळी.”

त्यानं पेचकस घेतला आणि आपणच बसवलेला पहिला लोखंडी बोल्ट फिरवायला लागला. घट्ट बसला होता. हलेना. कपाळावर घाम आला. शेवटी करकरत सुटला, तेव्हा तो एकटाच हसला.

वस्तादांनी सदऱ्याच्या खिशात हात घातला. दोन पांढरे बोल्ट काढून त्याच्या हातावर ठेवले आणि त्याची मूठ आपल्या दोन्ही हातांनी मिटली.

“हे घे. आणि संध्याकाळी घरी गेलास की… आईलाही सांग, फुटू दे.”