उत्पलासाठी घेतलेला गेम

“मग माझं चुकलं कुठे, एवढं तरी सांगा, भन्ते!”

विश्वजित रामटेके तिसऱ्यांदा तेच विचारत होता.

सकाळची वंदना संपून विहार रिकामा झाला होता. म्हातारे भन्ते शीलरत्न व्हरांड्यात बसून आपल्या चीवराचा उसवलेला काठ शिवत होते.

विश्वजित एका इंजिनिअरिंग कॉलेजात खरेदी अधिकारी होता. अकरा वर्षांत त्याने मागवलेलं एकही यंत्र परत पाठवावं लागलं नव्हतं, आणि हे तो भेटेल त्याला सांगत असे. मागच्या महिन्यात त्याची मुलगी उत्पला तेरा वर्षांची झाली. तिच्यासाठी त्याने तीन आठवडे अभ्यास करून एक व्हिडिओ गेम घेतला. तो तसाच पडून होता.

“बाहेर पायरीवर बसली आहे ती,” विश्वजित म्हणाला. “तुम्हीच दोन शब्द सांगा. तुमचं ऐकेल.”

“काय सांगू?”

“की बापाने डोळे झाकून नाही घेतला! बेचाळीस रिव्ह्यू वाचले मी. जाणकारांचे वेगळे, खेळणाऱ्यांचे वेगळे. कोणत्या वयाला चालतो ते पाहिलं. मारामारी नाही, रक्त नाही. आमच्या मशीनवर चालेल का, जागा किती खाईल, घेतल्यावर आत आणखी काही विकत घ्यायला लावतात का… सगळं तपासलं. तक्ता करून.”

“खेळून पाहिला?”

“ट्रेलर पाहिला. दहा वेळा.”

“खेळून.”

“डेमो होता फुकट. म्हणजे पहिला अर्धा तास खेळून बघता येतो. पण तिला आधी दाखवला असता तर वाढदिवसाची गंमत गेली असती ना!”

भन्तेंनी मोठ्याने श्वास सोडला.

“हात कसा आहे तिचा?”

“कोणता?… हां. बरा आहे.” विश्वजितने चष्मा काढून पुसायला घेतला. “अपघाताला वर्ष झालं. डॉक्टर म्हणतात, डाव्या हाताची बोटं वळतील हळूहळू. व्यायाम चालू आहे. त्याचा इथे काय संबंध?”

दोरा संपला होता. त्यांनी सुई आणि रीळ त्याच्यापुढे सरकवलं.

“ओवून दे. मला दिसत नाही.”

विश्वजितने सुई उचलली. तेवढ्यात भन्तेंनी त्याचं डावं मनगट पकडलं आणि फरशीवर दाबून ठेवलं.

“ओव.”

“हात सोडा आधी.”

“ओव.”

सुई चिमटीत धरली, तर दोऱ्याला बोटं उरेनात. मग त्याने ती कापडात खोचली, दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं आणि नेढ्याजवळ नेलं. सुई कलंडली. पुन्हा खोचली. पुन्हा कलंडली. त्याच्या कपाळावर घाम आला.

“चांगली सुई आहे,” भन्ते म्हणाले. “दुकानदार सांगत होता, याहून भारी सुई गावात नाही.”

“भन्ते, ही काय चेष्टा आहे!”

“अरे, नीट धर की.”

विश्वजितचा हात थांबला.

…

“हेच म्हणालो मी तिला,” तो हळूच म्हणाला.

“केव्हा?”

“पहिल्याच दिवशी. कंट्रोलर दोन्ही हातांत धरून दोन्ही अंगठ्यांनी चालवायचा असतो. तिने तो गुडघ्यांत धरला. उजव्या हाताने इकडचं बटण, मग तिकडचं… दर मिनिटाला हरत होती. मी मागे उभा होतो. म्हटलं, अगं, नीट धर.”

“मग?”

“‘छान आहे, बाबा,’ म्हणाली. आणि बंद केला.”

भन्तेंनी मनगट सोडलं.

“अपघाताआधी तिचे अंगठे दिसायचे नाहीत, भन्ते. इतके भरभर चालायचे. त्या पोरीसाठी घेतला मी हा गेम.”

त्याने सुई कापडात खोचून ठेवली.

मग विश्वजितने खिशातून मोबाइल काढला.

“ठीक आहे. हा परत घेतात का बघतो. एका हाताने खेळता येतील असे गेम असतात. त्यांची एक यादी करतो, जाणकार काय म्हणतात ते…”

“अरे बाबा, यादी पुरे!”

भन्ते इतके जोरात ओरडले की पायरीवरच्या उत्पलाने मान वळवून आत पाहिलं.

विश्वजितने मोबाइल खिशात टाकला.

“मग असं करतो. डेमोच तिच्या हातात देतो. तीन-चार. जमेल आणि आवडेल तोच घ्यायचा.”

“हं.”

“आणि एकही आवडला नाही तर?”

“नको घेऊस.”

तो उठला. दोन पावलं गेला आणि परत आला.

“घेण्याआधी तिला आणखी काही विचारायला हवं का, भन्ते?”

भन्तेंनी कपाळावर हात मारला.

“विचार, कोणाबरोबर खेळायला आवडेल तिला, आणि कोणाकडून हरायला.”