सुतारपक्ष्याची पाटी

फार जुन्या एका रानात सुतारपक्ष्याचं दुकान होतं. दाराशेजारच्या पाटीवर आधी नुसतं 'पाट' लिहिलेलं होतं. मग चौरंग आला, खुर्ची आली, पलंग आला. दर वेळी सुतारदादा पाटी खरवडायचा आणि अक्षरं बारीक करून नवं नाव कोंबायचा. खरवडून घेता घेता पाटी शिणून गेली. पाळण्याला तर जागाच उरली नाही.

एके दुपारी दिवस भरत आलेली खारूताई पाटी वाचून म्हणाली, "इथं पाळणे नाही वाटतं करत," आणि धापा टाकत पुढे गेली. आत पाळणे धूळ खात पडले होते.

"सुतारदादा, आता मला उतरव," पाटी म्हणाली.

"मग लिहू कुठे?"

"माझ्यामागची अख्खी भिंत कोरी आहे, दादा. तुझी नजरच माझ्यापाशी अडते."