फळी टाकणारी चिठ्ठी

त्या राज्यात प्रत्येक कामासाठी एक कागद होता, आणि प्रत्येक कागदाला स्वतःच्या पायांनी चालावे लागे.

रोज सकाळी ओढ्यापलीकडच्या पारावर पाहुणा येऊन बसे. सगळे कागद त्याच्यापुढे हजर झाले की राज्याचा दिवस सुरू होई. आधी आरंभराव नावाचा कागद जाई. तो आपला मजकूर वाचायला लागे आणि मध्येच थांबून हाक मारी, "रंग कुठाय?" मग रंगाचा कागद घरून निघे. तो पोचला की थोडे वाचून ओरडे, "माप कुठाय?" मग माप निघे. अशा बेचाळीस हाका आणि त्रेचाळीस खेपा. पाहुणा जांभया देत बसे, आणि फार कंटाळला की उठून चालू लागे. त्या दिवशी राज्यात चूल पेटत नसे.

कागद थकले होते. कडा झिजल्या होत्या, घड्या उसवल्या होत्या. तक्रार करायचेही त्राण कुणात उरले नव्हते.

या सगळ्यांच्या आधी एक चिठ्ठी निघे. तिच्यावर एकच ओळ होती: ओढ्यावर फळी टाक. संध्याकाळी पाणी चढे म्हणून फळी रोज काढून ठेवावी लागे आणि रोज नव्याने टाकावी लागे. चिठ्ठी ती टाकी आणि काठावर बाजूला बसून राही. तिला कुणी हाक मारत नसे. फळीवरून चालत गेलेल्यांपैकी निम्म्यांनी चिठ्ठीला पाहिलेही नव्हते.

शेवटी राज्याचा कारभार पाहणाऱ्या दौतबाईंनी दाभणाला बोलावणे धाडले. दाभण कामाला चोख, पण स्वभावाने विचित्र. त्याला हुकूम एका ओळीत द्यावा लागे. सांगितले तेवढेच तो करी, न सांगितलेले काही त्याच्या डोक्यात येत नसे. काम नीट झाले तर तो अवाक्षर बोलत नसे. दौतबाईंनी तळाची उरलीसुरली शाई ढवळून ओळ लिहिली: आरंभापासून धर, जो ज्याला हाक मारतो त्याला ओव, सगळ्यांचा एक गठ्ठा कर, हलका कर.

बातमी फुटली तेव्हा चिठ्ठी आरंभरावाकडे गेली. तिलाही आता चालवत नव्हते. गठ्ठ्यात शिरले की पाय मिटून बसता येईल, एवढीच तिची आशा होती.

"आरंभराव, उद्या एकदा माझं नाव घ्या," ती म्हणाली. "दाभणापुढे आपलं नाव आपण सांगायचं नसतं. कुणीतरी हाक मारावी लागते."

आरंभराव पाय चेपत बसला होता. "अगं चिठ्ठे, तू तर रोज असतेसच," तो म्हणाला. "असलेल्या माणसाला कुणी हाक मारतं का? आणि माझ्या समासात तुझी नोंद आहे की. नावानिशी. मीच लिहून ठेवलीय."

आपली नोंद आहे हे तिला ठाऊक नव्हते. तिला बरे वाटले. ती परत गेली.

दुसऱ्या दिवशी दाभणाने आरंभरावाला आडवे घातले आणि विचारले, "हाक कुणाला?" आरंभरावाने रंगाला मारली, रंगाने मापाला मारली. टाके पडत गेले. मग हलके करायचे म्हणून दाभणाने कातर मागवली. समासातले मजकूर कुणी मोठ्याने वाचत नाही, म्हणून सगळे समास कापले. नावे लांबलचक होती, तीही छाटली. आरंभरावाचा अ झाला, रंगाचा र. ज्यांना हाक आली नाही ते कागद आणि कापलेल्या पट्ट्या एका टोपलीत गेल्या. दाभणाने टोपलीवर झाकण दाबले आणि काम नीट झाल्यावर जसा गप्प राही तसा गप्प राहिला.

गठ्ठा दौतबाईंच्या ओसरीवर चालवून पाहण्यात आला. या टोकापासून त्या टोकापर्यंत तो एका दमात गेला. ओसरीवर ओढा नव्हता. त्रेचाळीस कागद पहिल्यांदाच एका वेळी हसले. कित्येक वर्षांनी दौतबाईंना दुपारची झोप लागली.

सकाळी गठ्ठा ओढ्यावर पोचला आणि थांबला.

पाणी वाहत होते. पलीकडे पाहुणा आधीच येऊन बसला होता, आणि हातातली काठी त्याने मांडीवर आडवी घेतली होती. कागदांना वळता येत नव्हते, टाके ओढत होते. कुणीतरी म्हणाले, "इथे फळी असायची." दुसरे म्हणाले, "ती आपोआप असायची ना?"

दौतबाई धावतपळत आल्या, दाभणाला घेऊन. दाभणाने दोरा ओवला आणि विचारले, "कुणाला घेऊ? नाव सांगा."

"ती चिठ्ठी हो, ती..." आरंभराव म्हणाला. "लहानशी. एका ओळीची. रोज असायची."

"चिठ्ठी नव्हे, नाव."

"थांबा, मी लिहून ठेवलंय." आरंभरावाने समासाकडे पाहिले. तिथे कातरीची सरळ, स्वच्छ कड होती.

पाहुण्याने काठी टेकली आणि तो उठला.

दूर ओसरीवर, टोपलीच्या झाकणाखाली, चिठ्ठीला ओढ्यावरचा गलबला ऐकू येत होता. तिने आपली घडी नीट केली, पाय पुढे घेतले आणि हाकेची वाट पाहत बसली. तिच्या अंगावर कापलेल्या समासाची एक अरुंद पट्टी पडली होती, आणि त्या पट्टीवर आरंभरावाच्या ठसठशीत अक्षरात तिचे नाव होते.