रांजण फोडण्याचा दंड

पूर्वी वेत्रपूर नगरात सुषेण नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याच्या दरबारी न्यायाचे काम पाहणारे अमात्य होते. त्या जन्मी त्यांचे नाव क्षेमंकर. स्वतः ते मद्याला शिवत नसत. पण नगरातल्या मद्यविक्रेत्यांचे सगळे खटले त्यांच्याच पुढे येत.

नगराला लागून मोठी नदी होती आणि पलीकडे जायला होडीवाचून उपाय नव्हता. म्हणून मद्यविक्रीचा परवाना देताना राजाने अट घातली होती, की कामावरच्या नावाड्याला थेंबभरही द्यायचे नाही. त्याची खूण सोपी होती. काम संपले की नावाडी आपले वल्हे घाटावर जमा करी. खांद्यावर वल्हे असेल तो कामावर, नसेल तो मोकळा. दुसरी अट, मद्यात धोतरा मिसळायचा नाही. कोणतीही अट मोडली तरी दंड मात्र एकच होता. शिपाई येत, दुकानातले सगळे रांजण फोडीत आणि परवान्याचा ध्वज उतरवून नेत. चूक पहिली की दहावी, हे कोणी विचारीत नसे.

एका दुपारी उत्पला नावाच्या विधवेच्या दुकानात एक नावाडी आला. खांदा रिकामा पाहून तिने त्याला मद्य दिले. त्या शहाण्याने वल्हे दुकानामागच्या चिंचेला टेकवून ठेवले होते. थोड्या वेळाने तेच उचलून तो घाटावर गेला, आणि त्याची होडी खडकावर आदळली. माणसे वाचली, पण एका कुंभाराचा हात मोडला.

त्याच आठवड्यात पिंगळ नावाचा बडा विक्रेता धोतरा मिसळताना तिसऱ्यांदा सापडला. त्याची तीन दुकाने होती. एक स्वतःच्या, एक बायकोच्या आणि एक मेव्हण्याच्या नावावर. एका दुकानातले रांजण फुटले की हा खुशाल दुसऱ्यात जाऊन बसे.

दोघांना दरबारात उभे केले. राजा संतापला होता. "दोघांचेही रांजण फोडा," तो म्हणाला.

"जो दंड असेल तो मान्य आहे, महाराज," पिंगळ हसतमुखाने म्हणाला.

उत्पलेला हुंदका आवरेना. "महाराज, मी त्याचा खांदा तेवढा बघितला, वल्हं जमा केलंस का म्हणून विचारलं नाही. चुकले मी. पण रांजण फोडलेत तर माझ्या आंधळ्या सासूला घेऊन मी कुणाच्या दारात बसू?"

बोधिसत्त्वांनी दोघांकडे पाहिले. ज्याला दंड इतक्या सहज मान्य होतो, त्याला तो लागतच नाही, हे त्यांनी ओळखले. त्यांनी तीन दिवसांची मुदत मागितली, चिंचेखालची जागा पाहिली, कुंभाराच्या घरी जाऊन त्याची विचारपूस केली, आणि मग निकाल दिला. उत्पलेचे दुकान चौदा दिवस बंद. तेवढे दिवस तिने कुंभाराच्या घरी माती मळावी. रांजण शाबूत राहावेत. पिंगळाचे तिन्ही ध्वज उतरवावेत, मग ते कोणाच्याही नावावर असोत, आणि पुन्हा देऊ नयेत. नावाड्याचे वल्हे कायमचे काढून घ्यावे. आणि इथून पुढे नकळत चुकणाऱ्याला उत्पलेएवढाच दंड असावा, आणि जो आपली चूक आपण होऊन सांगेल, त्याला त्याच्याही निम्मा.

"अमात्य, तुम्ही मद्याला शिवत नाही आणि मद्यवालीची कड घेता?" राजाने विचारले.

"कड नाही घेत, महाराज. तिला शिक्षा दिलीच आहे. पण ती फसली आणि या पिंगळाने फसवले. दोघांना एकाच मापाने मोजले, तर सुक्याबरोबर ओलेही जळेल."

"आणि तुमच्या या मऊपणापायी उद्या होडी बुडाली तर?"

"तर माझी मुद्रा काढून घ्या आणि मला नगराबाहेर घालवा."

राजाने ते मान्य केले आणि एक वर्षाची मुदत दिली. नगरात थट्टा सुरू झाली, "चला, आता खुशाल चुका आणि माती मळा!" बोधिसत्त्वांना काळजी वाटत नसे असे नाही. पुष्कळदा ते घाटावर जाऊन सुटणाऱ्या होड्यांकडे पाहत उभे राहत.

वर्ष भरत आले तेव्हा पलीकडच्या तीरावर जत्रा होती. चाळीस माणसांनी भरलेल्या होडीचा दोर सुटणार, तोच शंबल नावाचा विक्रेता धापा टाकीत घाटावर आला. "थांबवा! या नावाड्याला मी आत्ताच पाजलीय! वल्हं आधी दिसलं नाही मला, चुकलो!"

घाटपालाने दोर धरून ठेवला. दुसऱ्या नावाड्याने होडी सुखरूप पलीकडे नेली.

राजाने शंबलला बोलावून घेतले. "गप्प बसला असतास तर कोणाला कळले असते?"

"कुणालाच नाही, महाराज. मागं मी गप्पच बसलो असतो. एकदा रांजण फुटले की संसार फुटला, म्हणून सगळेच गप्प बसायचे. आता सात दिवस दुकान बंद राहील. तेवढ्यासाठी चाळीस माणसं बुडू देऊ?"

राजाला आनंद झाला आणि लाजही वाटली. आपल्या कडक दंडाने इतकी वर्षे किती तोंडे बंद ठेवली असतील, हे त्याला तेव्हा कळले. शंबलचे दुकान सात दिवस बंद राहिले. बोधिसत्त्वांची मुद्रा त्यांच्याकडेच राहिली.

एवढे सांगून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, विहारात जमलेल्या भिक्खूंना म्हणाले, "तो सुषेण राजा म्हणजे आज तुमच्यात शिस्त पाहणारे थोरले स्थविर. उत्पला आज आपल्याला भिक्षा वाढणारी उपासिका आहे. क्षेमंकर अमात्य मीच होतो. आणि घाटावर धावत आलेला शंबल? आज सकाळी नियम मोडल्याचे ज्याने आपण होऊन सांगितले, आणि ज्याला तुम्ही संघातून काढायला निघाला आहात, तो दाराशी बसलेला भिक्खू."

मग थोरले स्थविर स्वतः उठले, दाराशी गेले आणि त्याला हात धरून आत घेऊन आले. चूक आणि लबाडी यांतले अंतर ओळखून दंड देणे, ही प्रज्ञा पारमिता, म्हणजे शहाणपणाची परिपूर्णता, होय.